सावलीचे वय

व्हिएन्नातले न्यायवैद्यक डॉक्टर आर्नोल्ड पाल्टाउफ यांनी १८८९ साली एक निरीक्षण नोंदवले. आदल्या दिवशीपर्यंत धडधाकट असलेले आणि अचानक दगावलेले मूल शवविच्छेदनाला आले, की त्याच्या छातीच्या हाडामागची थायमस ही ग्रंथी ठळकपणे मोठी आढळायची. पाल्टाउफ यांनी दोष मुलाच्या एकूण प्रकृतीला दिला. इतर अनेकांना वाटले, की ही ग्रंथीच श्वासनलिका दाबून बाळाचा जीव घेते. पुढे १८९५ मध्ये विल्हेल्म रॉन्टगेन यांना क्ष-किरण सापडले आणि थोड्याच वर्षांत जिवंत बाळांच्या छातीचे फोटो निघू लागले. हृदयाच्या वरच्या अंगाला पसरलेली रुंद सावली एकामागून एका बाळात दिसू लागली. आजार ठरला होता, तो दाखवणारे यंत्र हाती आले होते, आणि त्याच किरणांच्या माऱ्याने ग्रंथी आक्रसतही होती. अमेरिकेत हजारो बाळांच्या गळ्याखाली हे किरण सोडले गेले. त्यांतल्या काहींना कसलाच त्रास नव्हता. खबरदारी म्हणून त्यांचा उपचार झाला.

ग्रंथी मोठी नव्हतीच. त्या काळी शरीररचनेच्या अभ्यासाला मिळणारी प्रेते बहुतेक गोरगरिबांची असत. क्षय, अतिसार, उपासमार यांनी महिनोन्महिने खंगून गेलेली माणसे ती. दीर्घ आजारात थायमस झपाट्याने लहान होते, आणि पुस्तकांतले तिचे ‘नेहमीचे’ माप या खंगलेल्या शरीरांवरून ठरले होते. अचानक गेलेली बाळे खंगलेली नव्हती. त्यांची ग्रंथी निरोगी बाळाची असते तेवढीच होती. डॉक्टरांनी आरोग्याला आजार समजून त्याच्यावर इलाज चालवला होता.

न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमधले जॉन कॅफी मुळात बालरोगतज्ज्ञ. क्ष-किरणांचे वाचन ते बरेचसे स्वतःच शिकले. रोज निरोगी आणि आजारी अशा दोन्ही मुलांचे फोटो पाहणाऱ्या या माणसाला थायमसची ही भीती निराधार वाटली, आणि १९४५ साली निघालेल्या आपल्या बालक्ष-किरणशास्त्राच्या ग्रंथात त्यांनी या उपचाराला विरोध केला. १९५० मध्ये डफी आणि फिट्झजेराल्ड या दोन अमेरिकी डॉक्टरांनी थायरॉइडचा कर्करोग झालेल्या २८ मुलांची हकीकत छापली. त्यांतल्या बऱ्याच जणांना तान्हेपणी थायमससाठी किरण दिले गेले होते. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात अशा मुलांचा पुढे अनेक दशके माग ठेवला गेला, आणि धोका खरा असल्याचे तिथेही दिसले.

आजारी मुलांच्या तपासण्यांवरच्या पुस्तकाची सुरुवात इतक्या जुन्या फसगतीने करण्याचे कारण एवढेच, की ती पूर्णपणे जुनी झालेली नाही. आजही तान्ह्या बाळाच्या छातीच्या फोटोवर ‘हृदय मोठे’ किंवा ‘उजवीकडे वर पॅच’ असा शेरा पडतो आणि ती सावली पुष्कळदा थायमसची निघते. बाळ रडत असते, आई एका हाताने त्याचे पाय धरून असते, तंत्रज्ञ घाईत असतो. श्वास बाहेर सोडलेल्या क्षणी फोटो निघाला तर हृदय फुगलेले आणि फुप्फुसे धुरकट दिसतात. बाळ जरा वाकडे झाले तर एका बाजूला नसलेली गाठ उमटते. शंका आली तर सोनोग्राफीचा प्रोब, म्हणजे यंत्राचे टोक, छातीच्या हाडाशेजारी टेकवला की थायमस ओळखू येते. ती मऊ असते, श्वासाबरोबर आकार बदलते आणि शेजारच्या नळ्यांना दाबत नाही.

मोठ्या माणसाच्या फोटोत काय असावे हे बऱ्याच अंशी स्थिर असते. मुलात मात्र ‘नॉर्मल’ दर वर्षी, तान्हेपणी तर दर महिन्याला बदलते. कोपराचेच पाहा. त्या सांध्याभोवतीची हाडांची सहा केंद्रे साधारण पहिल्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंत ठरलेल्या क्रमाने फोटोत उगवत जातात. आतल्या बाजूच्या उंचवट्याचे केंद्र आधी, त्याच्या शेजारच्या चकतीचे नंतर. झाडावरून पडलेल्या सात वर्षांच्या मुलाच्या फोटोत नंतरचे केंद्र दिसत असेल आणि आधीचे गायब असेल, तर दिसणारा तुकडा हा मोडून सांध्यात अडकलेला आतला उंचवटा असण्याची दाट शक्यता असते. हा क्रम ठाऊक नसलेला वाचक तो फोटो बिनदिक्कत नॉर्मल म्हणून परत पाठवेल. उलट, हाडाच्या टोकाशी असलेली वाढीची फट पाहून फ्रॅक्चर समजून प्लास्टर घातले जाणे हेही नवे नाही. आठ वर्षांखालच्या मुलांत न्यूमोनिया कधीकधी चेंडूसारखा गोल दिसतो, कारण फुप्फुसातल्या हवेच्या कप्प्यांना जोडणाऱ्या आडवाटा अजून पुऱ्या तयार झालेल्या नसतात. मोठ्या माणसात अशी गोल सावली दिसली तर पहिली धास्ती कर्करोगाची. मुलाला प्रतिजैविके द्यावीत आणि ते बरे होताना पाहावे.

वयाने काही दारे उघडीही ठेवलेली असतात. घरात आजी जिथे तेल भरते ती टाळू म्हणजे कवटीतली खिडकी. ती भरून येईपर्यंत सोनोग्राफीने मेंदू थेट पाहता येतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव झाला आहे का, पाणी साठते आहे का, हे बाळाला पेटीतून न हलवता कळते. जन्मजात निखळलेल्या खुब्याचेही तसेच. पहिल्या काही महिन्यांत मांडीच्या हाडाचे डोके कूर्चेचे असते आणि क्ष-किरणांना दिसत नाही, म्हणून ऑस्ट्रियाच्या राइनहार्ड ग्राफ यांनी १९८०च्या सुमारास त्यासाठी सोनोग्राफीची पद्धत बसवली. त्या वयात काढलेला खुब्याचा एक्स-रे पालकांना खोटा दिलासा देऊ शकतो.

तपासणी निवडण्याचा प्रश्न इथे येतो. दवाखान्यात तो बहुधा उलटा विचारला जातो: कोणते मशीन जवळ आहे, कोणते जास्त दाखवते, कोणत्याने पालकांचे समाधान होईल. या पुस्तकाची बाजू वेगळी आहे. आधी एक नेमका प्रश्न ठरावा, त्याचे उत्तर आल्यावर उपचारात काय बदलेल ते ठरावे, आणि मग त्या वयाच्या शरीरात ते उत्तर कोण देऊ शकते ते पाहावे. काहीच बदलणार नसेल तर फोटो काढू नये. ऐकायला हे सोपे आहे. रात्री अकरा वाजता डोक्यावर टेंगूळ घेऊन आलेले मूल आणि त्याच्यामागे उभे असलेले चार नातेवाईक समोर असताना ते तितके सोपे राहत नाही.

त्या टेंगळाबद्दल मात्र आता भक्कम पुरावा आहे. उत्तर अमेरिकेतल्या २५ आपत्कालीन विभागांत डोक्याला मार लागून आलेल्या, पण शुद्धीवर असलेल्या ४२,४१२ मुलांचा अभ्यास नेथन कुपरमन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. मेंदूला खरोखर महत्त्वाची इजा झालेली मुले ३७६ निघाली आणि मेंदूची शस्त्रक्रिया लागली ती ६० जणांना. सीटी स्कॅन मात्र तिघांतल्या एकाहून अधिक मुलांचा झाला होता. या आकड्यांतून निघालेले निकष कुठल्याही तालुक्याच्या दवाखान्यात वापरता येतील असे आहेत. दोन वर्षांखालचे मूल पूर्ण सावध आहे, टेंगूळ असलेच तर कपाळावर आहे, शुद्ध हरपली नव्हती किंवा पाच सेकंदांहून कमी हरपली होती, तीन फुटांहून उंचावरून पडण्यासारखा जबर अपघात नाही, कवटी हाताला मोडलेली लागत नाही, आणि आईवडील म्हणतात की ते नेहमीसारखेच वागते आहे: अशा मुलाला सीटी लागत नाही. शेवटचा निकष पुन्हा वाचण्याजोगा आहे. एवढ्या मोठ्या अभ्यासात घरच्यांचे ‘नेहमीसारखेच आहे’ हे वाक्य मोजमापाच्या पातळीवर टिकले. मोठ्या मुलांत उलटी, तीव्र डोकेदुखी आणि कवटीच्या तळाचे हाड मोडल्याच्या खुणा यांचाही विचार होतो. मधल्या पायरीवर असलेल्या पुष्कळ मुलांना काही तास नजरेखाली ठेवणे पुरते. आपल्याकडे हेच अवघड जाते, कारण डॉक्टरने सहा तास लक्ष ठेवले याला बिलात ओळ नसते आणि स्कॅनला असते.

सीटीची भीती किती बाळगावी? १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू दाखवला, तेव्हापासून या तपासणीने मोजता येणार नाहीत इतकी मुले वाचवली आहेत. पण २००१ साली अमेरिकेत दोन गोष्टी एकदमच पुढे आल्या: लहान मुलांचे स्कॅन सर्रास मोठ्यांच्या सेटिंगवर होत होते, आणि डेव्हिड ब्रेनर यांच्या गणितानुसार त्याची किंमत काही मुले पुढे कर्करोगाच्या रूपाने मोजणार होती. तेव्हा हे अनुमान होते. २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे १ लाख ८० हजार तरुण रुग्णांच्या नोंदींवरून प्रत्यक्ष संबंध दिसला: साठत गेलेल्या मात्रेबरोबर रक्ताचा आणि मेंदूचा कर्करोग वाढत होता. २०२३ मध्ये युरोपच्या नऊ देशांतल्या सुमारे साडेनऊ लाखांच्या अभ्यासानेही रक्ताच्या कर्करोगाबाबत तेच सांगितले. ब्रिटिश अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग बातम्यांत येत नाही. दहा वर्षांखालच्या १०,००० मुलांचे एकेक डोक्याचे स्कॅन झाले, तर पुढच्या दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूच्या गाठीचा एक, असे दोन जादा रुग्ण संभवतात. मेंदूत रक्त साठल्याची रास्त शंका असताना हा धोका पत्करायलाच हवा. आईच्या समाधानासाठी किंवा डॉक्टरच्या बचावासाठी तो पत्करायचा की नाही, हा वेगळा हिशेब.

छातीचा साधा फोटो या हिशेबात जवळजवळ नगण्य आहे. निसर्गातून काही दिवसांत आपसूक मिळतात तेवढेच किरण त्यात असतात, डोक्याच्या सीटीत काही महिन्यांचे. आणखी एक समज मोडायला हवा. मुलाच्या ओटीपोटावर शिशाचा पट्टा ठेवण्याची दशकानुदशके चाललेली रीत सोडून द्यावी असे अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये सांगितले. पट्टा सरकतो, पाहायचे तेच झाकतो, फोटो पुन्हा काढावा लागतो. आणि मात्रा आपोआप ठरवणाऱ्या यंत्राच्या वाटेत तो आला तर यंत्र किरण वाढवते. पट्टा का नाही म्हणून पालक तंत्रज्ञावर चिडतात, तेव्हा हे समजावून सांगायला कुणी तरी हवे.

एमआरआयमध्ये हे किरण नसतात, पण अर्धा तास न हलता पडून राहणे असते, तेही ठोकाठोकीच्या आवाजात. चार वर्षांच्या मुलाला त्यासाठी बहुधा गुंगी द्यावी लागते आणि गुंगीला स्वतःचे धोके आहेत. नवजात बाळांसाठी एक सुंदर सोपी युक्ती आहे: पोटभर दूध पाजायचे, दुपट्यात घट्ट गुंडाळायचे आणि झोप लागल्यावर यंत्रात सरकवायचे.

पोटाच्या बाबतीत पहिला मान सोनोग्राफीचाच. तीनेक आठवड्यांचे बाळ प्रत्येक दुधानंतर पिचकारीसारखी उलटी करते, तेव्हा जठराच्या तोंडाचा स्नायू तीन मिलिमीटर किंवा अधिक जाड आहे का हे ती मोजून सांगते. आठ-दहा महिन्यांचे मूल थांबून थांबून कळवळते, पाय पोटाशी घेते, मधल्या वेळात निपचित पडते; आतड्यात आतडे शिरले असेल तर पडद्यावर एकात एक वर्तुळे दिसतात. इथे तपासणी आणि उपचार एकाच खोलीत होऊ शकतात. गुदद्वारातून हवेचा किंवा सलाइनचा दाब देऊन अडकलेले आतडे मागे ढकलायचे, आणि ते सुटताना पडद्यावर पाहायचे. कोपनहेगनच्या हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी पाण्याच्या दाबाच्या या उपायाचे अनुभव १८७६ सालीच, क्ष-किरणांच्याही आधी, प्रसिद्ध केले होते. आतडे फाटण्याचा धोका थोडा का होईना असतो, म्हणून सर्जन हाकेच्या अंतरावर लागतो. नवजात बाळाची हिरवी उलटी मात्र या सगळ्यांच्या पुढची. आतड्याला पीळ पडला असेल तर काही तासांत ते मरते; अशा बाळाला सोमवारच्या अपॉइंटमेंटचा कागद देता येत नाही.

महाराष्ट्रात सोनोग्राफीला आणखी एक संदर्भ आहे. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा या राज्याने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. कारण उघड होते, आणि तरीही सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुलींचे प्रमाण २००१ मधल्या ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर उतरले. कायद्याने प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी आणि त्याच्या हलवाहलवीवर कडक बंधने आणली. परिणामी ज्या बाळाला पेटीतून बाहेर काढणे धोक्याचे, त्याच्यापाशी यंत्र नेण्यासाठीही कागदपत्रांची वाट काढावी लागते. कायदा नको असे कुणी शहाणा म्हणणार नाही. पण मुलींना वाचवण्यासाठी केलेल्या नियमांनी जन्मलेल्या मुलीच्या टाळूवर प्रोब टेकवायला उशीर होऊ नये, एवढी व्यवस्था लावता येण्यासारखी आहे.

काही ठिकाणी डोळ्यांपेक्षा कान अधिक कामाचा. मुलाच्या घशात शेंगदाणा किंवा चिंचोका गेला तर तो क्ष-किरणांना दिसत नाही. फोटो अगदी स्वच्छ असू शकतो. ‘खेळता खेळता खात होता, जोराचा ठसका लागला आणि तेव्हापासून खोकतोय’ ही घरातली हकीकत त्या फोटोपेक्षा वजनदार असते, आणि तिच्या भरवशावर दुर्बीण घालावी लागते. नाणे गिळले असेल तर उलट फोटो अनिवार्य, कारण ते नाणे नसून खेळण्यातली बटण बॅटरी असू शकते. तिच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसते, आणि अन्ननलिकेत अडकलेली बॅटरी दोन तासांत भाजू लागते. साध्या न्यूमोनियासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा भर फोटोवर नाही, श्वास मोजण्यावर आहे. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६०, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे धाप. त्याला घड्याळ लागते आणि एक पूर्ण मिनिट.

वाचनाच्या चुका निवडीच्या चुकांहून लांब पुरतात. आपल्याकडची सर्वांत परिचित म्हणजे ‘पोटात गाठी’. मूल अधूनमधून पोट दुखते म्हणते, सोनोग्राफीत आतड्याच्या पडद्यातल्या लसिकाग्रंथी दिसतात, रिपोर्टमध्ये त्यांची मापे येतात, आणि घरात क्षयाचे नाव निघते. मूतखड्याच्या शंकेने ज्यांचे स्कॅन झाले अशा, एरवी निरोगी मुलांचा एक अभ्यास २००५ मध्ये आला. त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांत पाच मिलिमीटरहून मोठ्या गाठी होत्या. मूल वाढते आहे, खाते आहे, खेळते आहे, ताप नाही, तर त्या गाठी बहुतेक वेळा बालपणाचा भाग असतात. नुसत्या मापावर सहा महिने क्षयाची औषधे सुरू करणे म्हणजे थायमसचीच गोष्ट नव्या यंत्रावर.

मेंदूतल्या ‘डागा’ची कथा याहून मोठी आहे आणि ती पूर्णपणे भारतीय आहे. देशात सीटी यंत्रे येऊ लागली तसे आकडी आलेल्या मुलांच्या आणि तरुणांच्या मेंदूत एक छोटे कडे, भोवती थोडी सूज, असे चित्र वारंवार दिसू लागले. क्षय घरोघर होता, म्हणून ही क्षयाची गाठ असे मानून दीर्घकाळ औषधे दिली जात. पुन्हा स्कॅन केले की कडे नाहीसे झालेले असे, आणि औषध लागू पडले म्हणून सगळे समाधानी. पण औषध न घेतलेल्यांचीही कडी विरत होती. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधले मेंदूशल्यविशारद मॅथ्यू चंडी आणि वेदांतम राजशेखर यांनी अशा डागांचे तुकडे काढून तपासले आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ला कळवले, की त्यांच्यामागे फीतकृमीची अळी आहे. मरत चाललेली अळी शरीर स्वतःच विरघळवत होते आणि श्रेय क्षयाच्या गोळ्यांना जात होते. पुढे वेल्लोरनेच निकष दिले: कडे २० मिलिमीटरहून लहान, मेंदू एका बाजूला ढकललेला नाही, डोक्यातला दाब वाढल्याच्या खुणा नाहीत, शरीरात अन्यत्र क्षय नाही. शुद्ध शाकाहारी घरातले आईवडील या निदानाने चक्रावतात. डुकराच्या मांसातून आतड्यात फीतकृमी होतो. मेंदूत पोहोचणारी अळी ज्यांतून निघते ती त्याची अंडी मात्र दूषित पाण्यातून आणि कच्च्या भाजीवरून कुणाच्याही पोटात जातात.

कॅफी यांच्याकडे एकदा परत जावे लागते. १९४६ मध्ये त्यांनी सहा तान्ह्या मुलांविषयी लिहिले. कवटीखाली जुने रक्त साठलेले, हातापायांची हाडे अनेक ठिकाणी मोडलेली, काही फ्रॅक्चर ताजी आणि काही भरत आलेली. पडल्याची हकीकत कुणाचीच नाही. त्यांनी सावधपणे फक्त चित्र मांडले. १९६२ मध्ये हेन्री केंप आणि सहकाऱ्यांनी त्या चित्राला मारहाण झालेल्या मुलाचे निदान असे नाव दिले, तेव्हा लेखकांत फ्रेडरिक सिल्व्हरमन हे क्ष-किरणतज्ज्ञ होते. बोलता न येणाऱ्या मुलाची साक्ष त्याच्या हाडांनी दिली. पण तीच साक्ष मुडदूस किंवा ठिसूळ हाडांचा आनुवंशिक आजार यांच्यापासून वेगळी काढता आली नाही, तर एक निरपराध घर उद्ध्वस्त होऊ शकते. हे वाचन एकट्याने, घाईने करण्याचे नाही.

आता फोटो वाचणाऱ्या संगणकप्रणालीही आल्या आहेत, आणि त्यांतली एक नावाजलेली मुंबईच्याच कंपनीची आहे. क्षयाच्या चाळणीसाठी अशा प्रणालींना जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली ती १५ वर्षे आणि त्यापुढच्यांसाठी. मुलांचा क्षय बहुधा फुप्फुसाच्या मुळाशी सुजलेल्या ग्रंथींत लपतो, मोठ्यांसारखी पोकळी करत नाही. त्यांना थुंकीही काढून देता येत नाही, त्यामुळे पक्के निदान झालेले फोटो शिकवायला कमी पडतात.

मुलांचे फोटो त्या शिकेपर्यंत वाचणारा माणूसच आहे, आणि त्याच्यापुढे येतो तो एक कागद. पुष्कळदा त्यावर ‘यूएसजी ॲब्डोमेन’ एवढेच लिहिलेले असते, वयाचा आकडाही घाईत खरडलेला. पुढील प्रकरणांतले प्रत्येक उदाहरण तशा कागदापासून सुरू होते आणि मग तो कागद कसा लिहायला हवा होता ते दाखवते. पहिल्या प्रकरणातला असा आहे: ‘मुलगा, वय ९ महिने. कालपासून दर पंधरा-वीस मिनिटांनी कळवळून रडतो, मध्ये निपचित. तीन उलट्या, शेवटची हिरवी. शीला लालसर शेम. पोट मऊ. आतड्यात आतडे? असल्यास सलाइनने सोडवता येईल का? सर्जनना कळवले आहे.’